नेव्हची फुंकर

नेव्हिल डॅनट खोटारडा होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, शर्ली शेजाऱ्याची बाजू घेते. सिगारेटच्या बाबतीत तो आयुष्यभर खोटं बोलला. आईशी बोलला, शाळेतल्या मास्तरांशी बोलला आणि लग्नाच्या दिवशी चर्चच्या मागे दोन झुरके मारून येऊन लोरेनशीही बोलला. फक्त एकदाच तो खरं बोलत होता. नेमका त्या वेळी त्याचा पाय पणाला लागलेला होता.

आम्ही स्केल्बी बंदराची माणसं. काय करता म्हणून कुणी विचारलं तर आमचं एकच उत्तर असतं, "मासळीत आहे." बर्फात उभी राहून हॅडॉक चिरणारी बाई मासळीत, लंडनला ट्रक नेणारा मासळीत, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी मी मासळीत. नेव्हही मासळीतच. तो खरं तर धूरघरात होता. गोदीच्या कडेला विटांच्या उंच धुराड्यांची रांग आहे, एकेक धुराडं खोलीएवढं रुंद, आतून डांबरासारखं काळंकुट्ट. खाली ओकच्या लाकडाचा भुसा धुमसत ठेवायचा आणि वर सळयांवर मासे टांगायचे. विस्तव जागा राहिला पाहिजे पण पेटता कामा नये, हे नेव्हचं काम. सोळाव्या वर्षी तो त्या दारातून आत शिरला, आणि लोरेनपेक्षा जास्त वर्षं त्यानं त्या भुशाबरोबर काढली.

त्या धुराला आमच्याकडे कुणी वाईट म्हणत नाही. पोराला डांग्या खोकला झाला की आया त्याला धूरघराच्या दारात आणून उभं करायच्या, "घे राजा, खोल श्वास घे" म्हणायच्या. मलाही माझ्या आईनं उभं केलं होतं. आमच्या मते धूर म्हणजे सिगारेटचा. ओकचा तो आमचा.

तर पाय. गोदीच्या बसथांब्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत यायला नेव्हला मध्येच थांबावं लागायला लागलं. पोटरीत असा गोळा यायचा की पुढचं पाऊल टाकता येत नसे. लाज वाटायची म्हणून तो दुकानांच्या काचांपुढे थांबून आत बघितल्यासारखं करायचा. त्यातली एक काच नेमकी शवपेट्या विकणाऱ्याची होती.

"काय रे नेव्ह, पसंत पडली का एखादी?" मी त्याला एकदा मागून विचारलं.

"ती अक्रोडाची बघतोय. पण उंचीला कमी पडते," तो म्हणाला, आणि हसता हसता भिंतीला धरून उभा राहिला.

मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं तपासलं. पायाकडे जाणारी रक्तवाहिनी बुजत चालली होती. सर्जन म्हणाला, मी बाजूनं नवी वाट काढून देतो, पाय वाचेल. पण सिगारेट चालू राहिली तर ती वाटही बुजेल, मग मला कापण्यावाचून इलाज राहणार नाही. तेव्हा आधी सोड. आणि सोडली हे तुझ्या शब्दावर चालणार नाही, फुंकरीच्या यंत्रात दिसलं पाहिजे.

वाचनालयाच्या माडीवर आठवड्यातून एकदा सिगारेट सोडवणारी पोरगी बसायची. इमोजेन नाव तिचं. दक्षिणेकडून आलेली, स्वच्छ नखांची, आणि मनानं खरंच चांगली. तिच्यापाशी सगळे उपाय होते. दंडावर लावायची पट्टी, चघळायचा गोंद, रोज घ्यायच्या गोळ्या, आणि नवीन निघालेलं ते वाफेचं यंत्र, व्हेप. नेव्ह म्हणाला, ओळीनं सगळे बघू.

पट्टी आधी आली. धूरघरात माणूस घामानं निथळतो आणि वरून माशांचं तेल ठिबकतं, तिथं पट्टी टिकणार कशी? एक दिवस मी डब्यावर चिठ्ठी लावायला गेले तर एका हॅडॉकच्या कुशीवर नेव्हची पट्टी. मी ती चिमटीत धरून मुकादमापुढे नेली. आमचा मुकादम कॅसवेल लालबुंद झाला.

"अरे गाढवा, हा मासा दुकानात गेला असता तर?"

"तर गिऱ्हाइकाची सिगारेट सुटली असती," नेव्ह म्हणाला. "किंमत वाढव त्याची."

आम्ही हसून हसून लोळलो. पण पट्टीनं नेव्हची तलफ गेली नाही. तो बंधाऱ्यावर जाऊन ओढायचा आणि घरी दंड उघडा करून लोरेनला पट्टी दाखवायचा. ते लोरेननं पकडलं, आणि आठवडाभर त्याला गार जेवण वाढलं. मग गोंद. तो त्याच्या कवळीला असा चिकटला की वरची कवळी हातात आली. मग गोळ्या. गोळ्यांनी तलफ जरा कमी झाली, पण स्वप्नं असली पडायची की तो झोपायलाच घाबरू लागला. त्या बंद केल्या.

उरली वाफ. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना ती थट्टाच वाटली होती. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, आणि तोंडात गुलाबी नळी! कॅसवेल तर म्हणाला, "माझ्या हॅडॉकला फळाफुलांचा वास लागला तर तुलाच सळईवर टांगीन." म्हणून नेव्ह चहाच्या सुट्टीत धक्क्यावर उभा राहून ती ओढायचा. ब्लॅककरंटच्या वासाचा ढग काढायचा आणि सीगल पक्षी खोकल्याचं नाटक करतात म्हणायचा.

आणि ती लागू पडली. मी रोज त्याच्याबरोबर जात-येत होते, मला कळत होतं. हाताला काहीतरी धरायला मिळालं, तोंडाला ओढायला मिळालं, घशाला तो ठसका मिळाला. पट्टीनं यातलं काहीच दिलं नव्हतं. बोटांचा पिवळेपणा उतरू लागला. लोरेनच्या सूपमध्ये मीठ जास्त आहे, हे त्याला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं, आणि त्यानं ते बोलूनही दाखवलं, मूर्खासारखं. लोरेन कोट हुंगायची नाही, कोटाला कायमचा ओकचा वास. ती त्याचं तोंड हुंगायची. तोंडाला ब्लॅककरंट.

"या वेळी खरंच सोडलीयस का रे?" ती विचारायची.

"खरंच गं. आईची शपथ."

"आईची शपथ मागच्या वेळीही होती."

"मागच्या वेळी ती जिवंत होती. आता वरून तिला सगळं दिसतं."

लोरेन हसली त्यावर. बऱ्याच दिवसांनी हसली. त्या घरात परत उजेड आल्यासारखं मला भिंतीपलीकडून जाणवायचं.

फुंकरीचा दिवस आला. इथे आमची एक रीत सांगायला हवी. धूरघरातला माणूस डॉक्टरकडे, बँकेत, कुठल्याही कचेरीत जसा आहे तसा कधी जात नाही. शाळेत असताना आमच्या पोरांना बाकीची पोरं नाक दाबून दाखवायची, ती लाज हाडांत मुरलेली. त्या दिवशी नेव्ह सकाळचा विस्तव सावरून घरी आला, भांड्यांचा साबण आणि लिंबू घेऊन त्यानं अंग असं घासलं की कातडी लाल झाली. केस दोनदा धुतले. पुतण्याच्या लग्नातला कोट घातला. मी दोघांना माझ्या गाडीतून नेलं, तर गाडीत नुसता लिंबाचा वास.

"शर्ल, तूही वर चल," तो म्हणाला. "पास झाल्यावर टाळ्या वाजवायला कुणीतरी पाहिजे."

इमोजेननं यंत्र पुढे केलं. श्वास रोखायचा आणि हळूहळू सोडायचा. रक्तात सिगारेटचा वायू असला तर यंत्र लाल होतं, नसला तर हिरवं. नेव्हनं वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवाव्यात तशी फुंकर घातली.

यंत्र लाल झालं.

"परत एकदा करू या का?" इमोजेन म्हणाली. परत लाल. ती फार मऊ आवाजात म्हणाली, "मिस्टर डॅनट, मी इथे तुम्हाला रागवायला बसलेले नाही. एखाददुसरी ओढली असेल तर सांगा."

"एकही नाही."

"हा आकडा दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचा आहे हो."

"मग तुझं यंत्र बिघडलंय, पोरी."

तिनं स्वतः फुंकून दाखवलं. हिरवं. मग तिनं एकेक विचारलं, नियमानं विचारलं, तिला मी दोष देत नाही. घरात आणखी कुणी ओढतं का? नाही. घरातला गॅसचा बॉयलर कधी तपासला, तोच वायू त्यातूनही गळतो? आठवत नाही. काम काय करता?

"मासळीत आहे," नेव्ह म्हणाला.

"अगं बाई, म्हणजे दिवसभर त्या थंडीत आणि बर्फात?"

"हो, गारठा असतो," नेव्ह म्हणाला. परक्या माणसाला खोडून काढायचं नाही, अशी त्याची रीत. आणि गारठा असतोच की गोदीवर. लोरेन त्याच्या शेजारी होकाराची मान हलवत बसली होती, मीही. ओकचा धूर आमच्या तिघांच्या डोक्यात आला नाही. तो असा होता की त्याच्याबद्दल काही सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इमोजेनच्या नाकाला तरी तो कळला असता, पण नेव्हनं तो लिंबानं धुऊन काढला होता.

मी दोघांना परत घेऊन आले. घराशी आल्यावर लोरेन उतरली आणि दार धरून म्हणाली, "तू माझ्याशी खोटं बोलतोस याचं मला काही वाटेनासं झालंय. पण तुझ्या स्वतःच्या पायाशी खोटं बोलतोस?"

"लोरेन, मी ओढलेली नाही."

"यंत्राला काय तुझ्याशी वैर आहे?"

दुसऱ्या दिवशी बॉयलर तपासायला माणूस आला. बॉयलर एकदम नीट निघाला. नेव्ह त्या माणसाकडे असा बघत राहिला की जणू त्यानंच घात केला. शेवटची सबबही गेली.

आता नेव्हनं जे केलं ते वेडेपणाचं होतं, पण त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. सिगारेट आपण ओढत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. यंत्र लाल होतंय, हेही डोळ्यांपुढे. मग आपण ओढतो काय? वाफ. म्हणजे वाफेतच धूर आहे. सरकारनं, दुकानदारानं, इमोजेननं, सगळ्यांनी मिळून आपल्याला फसवलं. त्यानं इमोजेनला फोन करून विचारलं. ती म्हणाली, नाही हो, वाफेत काही जळत नाही, तिच्यात तो वायू नसतोच. तिच्या दृष्टीनं हे ऐकून माणसानं कबूल व्हायला हवं होतं. नेव्हच्या दृष्टीनं ती थापा मारत होती.

चहाच्या सुट्टीत तो धक्क्यावर गेला आणि ती गुलाबी नळी त्यानं गोदीच्या पाण्यात भिरकावून दिली.

"अरे, तिनंच तर सुटली होती तुझी!" मी ओरडले.

"तिनंच नापास केलं मला," तो म्हणाला. "आता पट्टीच. पट्टीतून धूर निघत नाही, एवढं तर त्या पोरीलाही मान्य आहे ना?"

परत पट्टी लावली. छाताडावर दोन फडकी बांधून घट्ट बसवली. कॅसवेलवर खेकसायचा, रिकाम्या बोटांनी टेबल वाजवत बसायचा. पण ओढली नाही. मला पक्कं ठाऊक आहे, कारण तलफ आली की तो माझ्या खोलीत येऊन चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांशेजारी उभा राहायचा आणि म्हणायचा, "बोल काहीतरी शर्ल, काहीही बोल." मी गल्लीतल्या सगळ्या भानगडी त्याला सांगून संपवल्या. नव्यानं बनवूनही सांगितल्या.

मग पुढची फुंकर. परत तोच लिंबू, तोच कोट. लाल. पहिल्याइतकीच लाल.

इमोजेननं कागदावर काहीतरी लिहिलं. सर्जनला कळवणं तिला भाग होतं. जिना उतरताना नेव्ह लोरेनला म्हणाला, "बघ, वाफेनंही तेच, पट्टीनंही तेच." खाली रस्त्यावर आल्यावर लोरेननं पर्समधून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि त्याच्या बाजूनं न चालता माझ्या बाजूनं चालू लागली. मला वाटतं यंत्रापेक्षा तिच्या त्या चालण्यानंच त्याला संपवलं. कोपऱ्यावरच्या दुकानाशी तो थांबला. या वेळी काचेत बघायला नव्हे. आत गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत पाकीट घेऊन बाहेर आला.

"शिक्का बसलाच आहे," तो म्हणाला, "तर चव तरी घेतो."

पहिल्या झुरक्याला तो खोकला. सवय गेली होती ना. लोरेननं ते ऐकलं, पण तिला तो खोकलासुद्धा नाटक वाटला.

शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. रागानं ओढणारा माणूस हौसेनं ओढणाऱ्याच्या दुप्पट ओढतो. हिवाळ्यात त्याच्या पायाचा अंगठा आधी निळा झाला, मग काळा. वेदनेनं तो रात्र रात्र खुर्चीत पाय लोंबता सोडून बसायचा. सर्जननं मग अटी घातल्या नाहीत. वाट काढण्याजोगं आत काही राहिलंच नव्हतं. पाय गुडघ्यावरून काढला.

तो इस्पितळात असतानाच्या त्या आठवड्यात कारखान्यात विम्याचा माणूस आला. नवा होता, कोटाच्या खिशाला एक छोटी डबी लावलेली. धूरघराच्या दारात त्यानं पाऊल टाकलं आणि ती डबी किंचाळायला लागली.

"बंद करा हो ते," कॅसवेल म्हणाला. "मेलेले मासे उठून बसतील."

माणूस मागे सरकला होता. "कार्बन मोनॉक्साइड," तो म्हणाला. "बापरे. इथं माणसं किती वेळ असतात? यात दिवस काढणाऱ्याचं रक्त सिगारेट ओढणाऱ्यासारखंच झालेलं असणार, एकही न ओढता."

तो शब्द मी वाचलेला होता. इमोजेनच्या यंत्राच्या पाठीवर तोच लिहिलेला होता. माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, तो तसाच खाली पडला. मला रडू नाही आलं, संताप आला. इमोजेनचा नाही, विम्यावाल्याचा नाही. आमचाच. त्या लिंबाचा, त्या भांड्यांच्या साबणाचा, परक्यापुढे मान हलवत बसण्याचा. कुणी एकानं तरी त्याला तसाच, न धुतलेला, त्या खोलीत नेलं असतं, तर त्या पोरीच्या नाकालाच कळलं असतं!

इस्पितळाच्या बोळात लोरेन चहाचा कागदी पेला धरून बसली होती. मी सांगितलं. तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मग पेला खाली जमिनीवर ठेवला, नीट, सांडू नये असा.

"म्हणजे तो ओढत नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"वाफ लागू पडली होती त्याला."

"पडली होती गं."

"आणि मी तुझ्या बाजूनं चालले." एवढंच म्हणाली आणि उठली. "मी सांगते त्याला. तू मध्ये बोलू नकोस."

नेव्ह उशांना टेकून बसला होता. चादर एका बाजूनं सपाट. लोरेननं पलंगाच्या कडेवर बसून त्याला सगळं सांगितलं. ती सांगत असताना तो तिच्याकडे बघत नव्हता, त्या सपाट जागेकडे बघत होता. ती संपवून रडायला लागली. "माफ कर रे," म्हणाली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण कुणाची तरी वस्तू सांभाळत असल्यासारखा.

"म्हणजे यंत्र खरं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मीही खरा होतो."

"हो, नेव्ह."

"मग चुकलं कोण?"

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता मान हलवत राहिला, इमोजेनपुढे आम्ही हलवली होती तशी.

लोरेननं डोळे पुसले आणि कामाला लागावं तशी बोलू लागली. आता सगळं ठाऊक झालंय. धूरघर सोडून दे. नवी नळी मी उद्याच आणते, त्याच ब्लॅककरंटची. सर्जन म्हणाला आहे, दुसऱ्या पायाची वाहिनीही बुजायला लागलीय, पण वेळ आहे. या वेळी मी तुझ्याबरोबर येईन, मी त्या पोरीला सांगेन, यंत्र हिरवं होईल, बघ.

"मला परत फुंकायला सांगू नकोस," नेव्ह म्हणाला.

"अरे पण या वेळी ते हिरवं होईल!"

"होऊ दे. मला आता फरक पडत नाही, लोरेन. मला बाहेर ने."

तिला कळलं कशाला ते. मलाही कळलं. मला वाटलं, आता ती ओरडेल, आयुष्यभर ओरडत आली तशी. ती ओरडली नाही. तिनं चाकांची खुर्ची आणली, मी त्याच्या काखेत हात घातला, आम्ही दोघींनी मिळून त्याला बसवलं. फाटकाबाहेर काचेचा आडोसा आहे, तिथं सलाइनच्या नळ्या लावलेले रोगी उभे राहून ओढतात. समुद्रावरून वारा सुटला होता. नेव्हची प्रत्येक काडी विझत होती, त्याला सिगारेट पेटवता येईना.

लोरेननं ती त्याच्या ओठांतून काढून घेतली. जन्मात कधी तिनं सिगारेटला हात लावला नव्हता. ती वाऱ्याकडे पाठ करून वाकली, स्वतःच्या तोंडात धरून ती पेटवली, ठसकली, आणि त्याच्या ओठांत ठेवली.